बिशप हेबरची पत्रं शोधता येतील अशी करताना: प्रकल्प नोंदी

४ जून २०२४

काम काय आहे ते आधी लिहिते. रेजिनल्ड हेबर हा कलकत्त्याचा दुसरा अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचा) बिशप, ऑक्टोबर १८२३ मध्ये आला आणि एप्रिल १८२६ मध्ये त्रिचनापल्लीला वारला, म्हणजे पुरती अडीच वर्षं. तेव्हा मुंबई, मद्रास, सिलोन सगळं एकाच कलकत्त्याच्या बिशपाखाली होतं आणि ऑस्ट्रेलियाची वसाहतसुद्धा त्याच्याच कक्षेत आणली गेली. एवढा पसारा सांभाळायचा तर पत्रांशिवाय इलाज नाही. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, अमेलियाने, १८२८ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं त्याच्या शेवटी पत्रव्यवहार आहे, आणि १८३० मध्ये दोन खंडांचं चरित्र काढलं त्यातही पत्रं आहेत. दोन्हींचे स्कॅन फुकट मिळतात.

मला यातली चर्चच्या कारभाराची पत्रं टाइप केलेल्या मजकुरात हवीत, म्हणजे शब्द टाकला की पत्र सापडावं, आणि जोडीला मराठी सूची. मी पुण्यात कॅम्पात वाढले, सेंट मेरीज चर्चवरून शाळेत जायचे, ते चर्च हेबरने १८२५ मध्ये येऊन समर्पित केलं हे मला चाळिशीत कळलं तेव्हापासून हा माणूस डोक्यात आहे.

अंदाज: आठवड्याला आठ तास, दोन महिने, खर्च हजाराच्या आत.

९ जून

पहिला आठवडा वाया. मी डाउनलोड केलेली पीडीएफ सरळ टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा ओसीआर प्रोग्राम) दिली. फाइल लहान व्हावी म्हणून पीडीएफमधली चित्रं दाबलेली असतात हे माहीत नव्हतं, अक्षरांच्या कडा विरघळलेल्या, आर आणि एन शेजारी आले की एम व्हायचं, सी चा ई व्हायचा. दोन संध्याकाळी मी हाताने दुरुस्त करत बसले, चौदा पानं झाली फक्त, मग लक्षात आलं की त्याच ठिकाणी पानांच्या मूळ इमेजेसची वेगळी मोठी फाइल असते. ती उतरवली (दोन जीबी, रात्रभर), त्याच चौदा पानांवर चालवली आणि पानाला वीस-पंचवीस चुका होत्या त्या दोन-तीनवर आल्या.

म्हणजे हाताने दुरुस्तीला बसायच्या आधी मूळ इमेज आहे का बघा. मी नाही बघितलं.

१६ जून

शोध चालेना. आर्चडीकन हा शब्द या पत्रांत जागोजागी असायला हवा, कारण बिशप लांब असेल तेव्हा मुंबई-मद्रासचं सगळं आर्चडीकनच बघायचा, आणि माझ्या फाइलमध्ये शोधलं तर मोजून अकरा वेळा. पानं उघडून बघितल्यावर कळलं की जुन्या छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडून हायफन टाकलेला असतो, अर्धा शब्द या ओळीत अर्धा पुढच्या, मग शोधाला तो दिसणार कुठून.

एक छोटा रेगएक्स (मजकुरात नमुना शोधून बदलायचा नियम) लिहिला, ओळीच्या शेवटचा हायफन काढा आणि दोन्ही तुकडे जोडा. आर्चडीकन सापडायला लागले. पण खरे हायफनसुद्धा गेले. टू-मॉरो, टू-डे असं तेव्हा हायफन देऊन छापायचे, ते जोडले गेले तरी बिघडत नाही, पण री-ऑर्डिनेशन कुठे जोडलेलं, कुठे हायफनसह, असं तीन-तीन रूपांत राहिलं. आणि हा शब्द तर या पत्रांत फार महत्त्वाचा आहे. लुथरन पद्धतीने आधीच दीक्षा झालेल्या मिशनऱ्याला अँग्लिकन बिशपने पुन्हा दीक्षा द्यावी का, यावर तेव्हा मोठा वाद होता आणि हेबरला त्यावर सविस्तर लिहावं लागलं होतं. तेच पत्र माझ्या शोधात येत नव्हतं.

शेवटी जोडलेल्या सगळ्या शब्दांची यादी काढली, ती डोळ्याखालून घातली, जे खरे हायफनवाले होते ते परत केले. चार तास.

२३ जून

पानांचे नंबर जुळेनात. कारण मूर्खासारखं साधं आहे पण लिहून ठेवते, कुणाचा तरी वेळ वाचेल. प्रवासवर्णन १८२८ मध्येच आधी दोन मोठ्या खंडांत निघालं आणि लगेच लहान आकारात तीन खंडांत निघालं. मी पहिला खंड एका आवृत्तीचा घेतला होता आणि पत्रांचा भाग दुसऱ्या आवृत्तीचा. सूचीत टाकलेले सगळे पान नंबर रद्द. आता प्रत्येक नोंदीत आवृत्ती, खंड, पान अशा तीन वेगळ्या कॉलममध्ये लिहिते.

३० जून

आजची चूक सगळ्यात वाईट, अंगावर काटा आला. मी सूचीसाठी एक वाक्य हेबरचं म्हणून उतरवून घेतलं होतं, एका गावाबद्दलचं स्पष्टीकरण, आणि परत मूळ पान बघितलं तर ते वाक्य पानाच्या तळाला बारीक टायपात, शेवटी संपादकाची खूण. म्हणजे ते अमेलियाचं वाक्य. ओसीआरने तळटीप उचलून सरळ पत्राच्या मजकुरात घातली होती, तीही दोन पानांमधल्या तुटलेल्या वाक्याच्या मधोमध, आणि वाचताना ती खटकलीही नाही कारण दोघांची भाषा जवळची आहे.

मग सगळी पानं पुन्हा. पानाच्या वरच्या मथळ्याची पट्टी कापली (ती पण वाक्यात घुसत होती), तळटीपा हाताने वेगळ्या केल्या आणि त्यांना स्वतंत्र कॉलम दिला, 'अमेलियाच्या टीपा'. आता मला वाटतं हा कॉलम सूचीइतकाच मोलाचा आहे. तिशीतली बाई, नवरा परदेशात अचानक गेलेला, दोन लहान मुली, आणि ती त्याची कागदपत्रं नीट लावून दोन वर्षांत छापते. तिचं लिखाण त्याच्या नावावर जाणं बरं नव्हतं.

वेळ: अकरा तास. दोन आठवड्यांचं काम परत.

७ जुलै

आता सांगते माझा मूळ बेतच कसा चुकला.

मी ठरवलं होतं फक्त चर्चच्या कारभाराची पत्रं घ्यायची, घरची आणि मित्रांची सोडायची. म्हणून शब्दांची यादी केली: चर्च, चॅपलेन, आर्चडीकन, मिशनरी, दीक्षा, दृढीकरण, लायसन्स, बिशप्स कॉलेज. यातले निदान दोन शब्द असतील तेच पत्र आत, बाकी बाहेर. छान स्वच्छ फाइल झाली. आणि आज बाहेर टाकलेल्यांवर सहज नजर फिरवायला घेतली तर चार तास उठलेच नाही.

पहिलं, मार्टिन स्टो. हा हेबरचा खासगी चॅपलेन (सोबत नेमलेला पाळक), जून १८२४ मध्ये दोघं कलकत्त्याहून नदीतून दौऱ्यावर निघाले आणि जुलैमध्ये ढाक्याला स्टो आजारी पडून गेला. त्याची बहीण तेव्हा कलकत्त्यात होती. तिला हेबरने लिहिलेलं पत्र माझ्या चाळणीतून खाली पडलं होतं कारण त्यात कारभार नाही, एका भावाच्या मरणाची बातमी आहे. पण त्यापुढचा सगळा दौरा, लखनौ, अल्मोडा, दिल्ली, जयपूर, बडोदा, पार मुंबईपर्यंत, बिशपने आपल्या चॅपलेनशिवाय केला, हे ते पत्र बाहेर ठेवून कसं कळणार?

दुसरं, चार्ल्स विल्यम्स विन. हा लंडनमध्ये बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष, म्हणजे कंपनीच्या कारभारावर ब्रिटिश सरकारची नजर ठेवणारा, आणि हेबरचा जुना मित्र, बिशपपद त्याच्यामुळेच आलं. मित्र म्हणून मी त्याची पत्रं बाहेर टाकली होती. मार्च १८२६ मध्ये दक्षिणेतून त्याला लिहिलेल्या पत्रात हेबर सांगतो की जमिनीच्या एकूण पिकाचा अर्धा भाग सरकार मागतंय, या दराने ना शेती उभी राहील ना शेतकरी. हेच पत्र पुढे १९०२ मध्ये रमेशचंद्र दत्तांनी आपल्या आर्थिक इतिहासात पुराव्याला घेतलं. चर्चच्या माणसाने केलेली एवढी स्पष्ट तक्रार आणि माझ्या चर्चच्या फाइलमध्ये तिला जागा नाही!

तिसरं तर आपल्या घरचं. तंजावरचे सरफोजीराजे भोसले. हेबर १८२६ मध्ये त्यांना भेटून आला आणि पत्रात लिहितो की मी गेले चार दिवस अशा हिंदू राजाच्या सहवासात होतो जो लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ या युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो, शेक्सपिअरबद्दल ज्याचं मत पक्कं आहे, आणि इंग्रज अफसर ज्याला घोड्याचा खरा पारखी आणि वाघाचा अचूक शिकारी म्हणून मानतात. सरफोजींचे गुरू श्वार्ट्झ हे मिशनरी होते, त्यामुळे तंजावरच्या मिशनची गोष्ट राजाशिवाय सांगताच येत नाही. पण पत्रात माझ्या यादीतले दोन शब्द नव्हते, म्हणून बाहेर.

चाळणी काढून टाकली. सगळी पत्रं आत घेतली. आता 'विषय' असा कॉलम आहे आणि एका पत्राला कितीही विषय लागू शकतात. काम दुप्पट झालं पण दुसरा मार्ग मला दिसत नाही, त्या माणसाने पत्र लिहिताना कप्पे केलेच नव्हते.

१४ जुलै

शब्दांची मराठी अडली. ऑर्डिनेशन, लायसन्स, कॉन्सिक्रेशन, कन्फर्मेशन या चारींना मी सूचीत आलटून पालटून दीक्षा आणि विधी लिहून ठेवलं होतं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त पाळक काका आहेत, कॅम्पातच राहतात, त्यांच्याकडे प्रिंट घेऊन गेले. त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, "अगं, हे चार वेगवेगळे धागे आहेत, तू गाठ मारून ठेवलीस. दीक्षा म्हणजे माणूस पाळक झाला. लायसन्स म्हणजे या ठिकाणी काम करायची परवानगी. समर्पण इमारतीचं. आणि दृढीकरण साध्या सभासदांचं, बाप्तिस्मा झालेल्यांचं."

त्यांनी हे सांगितल्यावर एकदम मिडलटनची भानगड कळली. थॉमस मिडलटन हा पहिला बिशप, १८१४ ते १८२२. त्याचं म्हणणं होतं की आपल्या सनदेतून भारतीयांना दीक्षा द्यायचा अधिकार निघत नाही, आणि मिशनऱ्यांना लायसन्स द्यायलाही तो तयार नव्हता. या दोन वेगळ्या अडचणी, मी दोन्हीकडे दीक्षा लिहिल्यामुळे एकच वाटत होत्या. १८२३ मध्ये पार्लमेंटने कायदा करून दीक्षेची अडचण काढली, आणि मग हेबरने १८२४ मध्ये सिलोनच्या क्रिश्चन डेव्हिडना आणि १८२५ च्या शेवटी अब्दुल मसीह यांना दीक्षा दिली. अब्दुल मसीह आधी लुथरन दीक्षा घेतलेले, म्हणजे तो री-ऑर्डिनेशनचा वाद इथे येऊन भिडतो.

काकांनी अजून एक पत्र बराच वेळ हातात धरलं. हेबर तामिळ मुलखातल्या मिशनऱ्यांना विचारतो की तुमच्या मंडळीत जातीचं कसं चालतं, कोण कुठे बसतं, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतात का. त्याचा कल असा की ही सामाजिक रीत असेल तर फार ताणू नये. उत्तरं हाती घेऊन निर्णय करायच्या आधीच तो गेला. पुढे १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सनने जात मंडळीतून ताबडतोब आणि कायमची गेलीच पाहिजे असं पत्र काढलं. काका एवढंच म्हणाले, "सात वर्षं. तेवढी सात वर्षं माणसं मागच्या बाकावर बसली." मी टीपेत दोन्ही पत्रं शेजारी लिहिली.

२१ जुलै

स्पेलचेकने घात केला. सगळ्या फाइलवर एकदम चालवू नका. पुण्याच्या मजकुरात चॅपलेन हा शब्द अचानक फार झाला म्हणून बघितलं. १८२५ मध्ये दख्खनचा कमिशनर विल्यम चॅप्लिन होता, त्याचं ठाणं पुण्यातच, आणि स्पेलचेकने प्रत्येक चॅप्लिनचा चॅपलेन करून टाकला. वर तेव्हा पुण्याचा चॅपलेन थॉमस रॉबिन्सन, जो मुंबईहून हेबरबरोबर निघाला आणि शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहिला. म्हणजे एकाच गावात चॅप्लिन आणि चॅपलेन, दोघंही महत्त्वाचे, आणि माझ्या फाइलमध्ये कमिशनरसाहेब धर्मोपदेशक झालेले.

बॅकअप होता म्हणून वाचले. त्यानंतर नावांची वेगळी फाइल केली, स्पेलचेकने त्यांना हात लावायचा नाही. गावांची नावंही त्यातच: त्याच्या स्पेलिंगात पुण्याच्या शेवटी एच, ठाण्यात दोन एन. प्रत्येक गावाच्या जुन्या स्पेलिंगसमोर आजचं मराठी नाव लिहिलंय, नाहीतर ठाणे शोधणाऱ्याला ठाणे कधीच सापडणार नाही.

४ ऑगस्ट

तारखा. पत्रं तारखेने लावली आणि संवाद जुळेना, इंग्लंडहून आलेल्या गोष्टीला तो उत्तर देतो ती गोष्ट आपल्याला जुनी वाटते. तेव्हा जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं, एका बाजूला पाच-सहा महिने धरा, म्हणजे प्रश्न आणि उत्तर यात सहज वर्ष. मिडलटन जुलै १८२२ मध्ये गेला आणि नवा बिशप कलकत्त्यात पोचेपर्यंत सव्वा वर्ष गेलं, ते याच हिशोबाने कळतं. आता दोन कॉलम आहेत: कधी लिहिलं, आणि कुठून लिहिलं. पोचल्याची तारीख अंदाजाने लिहीत नाही, आधी लिहायला लागले होते, ते सगळं पुसलं.

मुंबईची पत्रं या आठवड्यात झाली. एप्रिल १८२५ मध्ये तो आला, अमेलिया थोरल्या मुलीला घेऊन समुद्रमार्गे येऊन भेटली, ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुक्काम. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मधेच भर पावसात बोरघाट चढून पुणे. मी हे टाइप करत होते तेव्हा बाहेर तसाच पाऊस.

सेंट थॉमस चर्चमध्ये त्याची भेट सिरियन बिशप मार अथनासियस यांच्याशी झाली, ते अँटिओकहून मलबारच्या ख्रिस्ती लोकांकडे निघाले होते. दोन अगदी वेगळ्या परंपरांचे बिशप फोर्टातल्या एका चर्चमध्ये एकत्र प्रभुभोजनाला. हे चर्च तेव्हा कॅथीड्रल नव्हतं, मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला १८३७ मध्ये, थॉमस कार, तेव्हा झालं. मी आधी सूचीत सरसकट 'कॅथीड्रल' लिहिलं होतं, बदललं.

१८ ऑगस्ट

एकच पत्र प्रवासवर्णनात आणि चरित्रात, दोन्हीकडे आलं तर काय करायचं? मी दोन्ही मिसळून एक पूर्ण पत्र बनवायला निघाले होते, जिथे एकीकडे जास्त ओळी असतील त्या घ्यायच्या. तीन पत्रांचं असं केलं आणि मग थांबले, कारण माझं बनवलेलं पत्र कुठेच छापलेलं नाही. उद्या कुणी मूळ शोधायला गेलं तर सापडणार नाही. तिन्ही परत सोडवली. आता दोन्ही पाठ खाली-वर ठेवलेत आणि फरक पिवळ्या रंगात.

जिथे माणसाच्या नावाच्या जागी लांब रेघ छापलीय तिथे रेघच ठेवा. मी दोन ठिकाणी संदर्भावरून नाव ओळखलं असं वाटून भरलं होतं. काढलं. जिवंत माणसांची लाज राखायला ती रेघ मारलेली आहे आणि माझा अंदाज हा पुरावा नाही.

१ सप्टेंबर

शेवटची पत्रं. मार अथनासियसना मलबारमध्ये विरोध सुरू झाला होता, हेबर त्यांना आणि तिथल्या मंडळीला लिहितो, त्रिचनापल्लीहून पुढे त्रावणकोरला जायचा त्याचा बेत आहे. सगळ्या पत्रांतून पुढच्या महिन्याचं बोलतो. ३ एप्रिल १८२६ ला सकाळी त्याने तामिळ मंडळीतल्या लोकांचं दृढीकरण केलं, मुक्कामी आला, आंघोळीच्या हौदात उतरला आणि तिथेच गेला. त्रेचाळिसावा वाढदिवस अठरा दिवसांवर होता. तिथल्याच सेंट जॉन्स चर्चमध्ये पुरलंय.

तारखेने लावलेल्या शीटमध्ये मार्चच्या ओळी अगदी भरगच्च आहेत आणि मग खाली रिकामं. मी त्या दिवशी पुढे काही केलं नाही.

त्याच्यानंतरचे दोन बिशप, जेम्स आणि टर्नर, तेही १८२८ आणि १८३१ मध्ये गेले. एकाच माणसावर एवढा मुलूख टाकू नका हे सरकारला पटायला इतकं व्हावं लागलं, मद्रासचा वेगळा बिशप १८३५ मध्ये आणि मुंबईचा १८३७ मध्ये.

१५ सप्टेंबर

हिशोब. वेळ साडेतीन महिने, माझ्या वहीप्रमाणे १४६ तास, त्यातले साठेक तास केलेलं परत करण्यात. खर्च: प्रिंट ६८०, त्यातल्या निम्म्या फिक्या आल्या म्हणून दुसऱ्या दुकानात परत ३४०, एक हार्ड डिस्क ३,९००. हजाराचा अंदाज पार कोलमडला पण डिस्क नसती तर २१ जुलैला सगळं संपलं असतं.

कुणी दुसऱ्या बिशपची पत्रं घेणार असेल तर माझ्या शीटचे कॉलम सरळ उचला: आवृत्ती, खंड, पान, लिहिल्याची तारीख, ठिकाण (जुनं स्पेलिंग), ठिकाण (मराठी), कुणाला, विषय (अनेक), संपादकाची टीप, दुसरा पाठ. पहिली दहा पत्रं शेवटपर्यंत पुरी करा आणि मगच अकराव्याला हात लावा, मी सगळ्यांचं ओसीआर एकदम केलं आणि प्रत्येक चूक सगळीकडे पसरली.

काकांना पूर्ण प्रिंट नेऊन दिली. त्यांनी आधी जातीचं पत्र काढलं, माझी टीप वाचली, आणि 'प्रभुभोजन' मध्ये मी भु दीर्घ काढला होता तो पेनाने ऱ्हस्व केला. तेवढं फाइलमध्ये दुरुस्त करायचं राहिलंय, आज रात्री करते.